फ्री डिशच्या जुन्या बॉक्सचा रिमोट हरवलाय? आधी बॉक्सच पिशवीत घाला

आमच्या आईचा रिमोट गोधडीत गेला. दिवाळीच्या आधी गोधड्या धुवायला काढल्या, एकीत रिमोट गुंडाळलेला होता, गोधड्या गेल्या कॅनॉलला आणि त्या दिवशी कॅनॉलला पाणी जोरात सोडलेलं. संध्याकाळी मला फोन, "अरे रिमोट गावत नाही, आणि माझी मालिका लागायची वेळ झाली." मी पुण्यात, आई साताऱ्याकडं गावाला, टीव्ही कुठल्यातरी भोजपुरी गाण्यांच्या चॅनेलवर अडकलेला आणि आवाज एवढा की मला फोनमधून गाणं पाठ व्हायची वेळ आली. त्यानंतर पंधरा दिवसांत मी तीन रिमोट विकत घेतले, त्यातला एकच लागला, आणि भाच्याने एक रिमोट चक्क घरी बनवला. तुमचे पैसे आणि हेलपाटे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा आजची रात्र निभवा. बॉक्सच्या तोंडावर बटणं असतात, बऱ्याच लोकांना हे माहितच नसतं कारण बॉक्स टीव्हीच्या मागं नायतर फळीवर क्रोशाच्या रुमालाखाली असतो. बहुतेक जुन्या फ्री डिश (दूरदर्शनची फुकट चॅनेलांची छत्री) बॉक्सना पॉवर आणि चॅनेल वर-खाली एवढी तीन बटणं तरी असतातच, काहींना मेनू, ओके आणि आवाजाची पण असतात. आवाज टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटने कमी करा. मी आईला फोनवरून सांगितलं, रुमाल काढ, चष्मा लाव, उजवीकडचं बटण दाबत रहा, आणि ती चाळीस-पन्नास वेळा दाबून एकदाची सह्याद्रीवर पोचली. एक मात्र सांगून ठेवा, तिथं पोचल्यावर बॉक्स परत कुणी हलवायचा नाही, आणि लाइट गेली तरी घाबरायचं नाही कारण हे बॉक्स सहसा शेवटच्या चॅनेललाच परत चालू होतात.

आता रिमोट खरंच हरवलाय का ते बघा. गाद्यांच्या फटी, लहान पोरांची दप्तरं, देवघराचं कपाट, फ्रिजवर, दाण्याच्या डब्यामागं, सगळीकडं. हसू नका, आमच्या शेजारच्या काकूंचा रिमोट पिठाच्या डब्यात सापडला होता. सापडला पण चालत नाही असं झालं तर नवा घ्यायच्या आधी तपासा. सेल नवे टाका, मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडं करून बटण दाबा, पुढच्या बारीक बल्बमधून जांभळट पांढरा उजेड लुकलुकला तर रिमोट सिग्नल सोडतोय. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही कारण तो साधारण ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड असतो. आयफोनच्या मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही कारण तिथं फिल्टर असतो, मग सेल्फी कॅमेऱ्याने बघा.

गावाकडं अजून एक जुनी ट्रिक चालते. घरात आकाशवाणीचा मीडियम वेव्हवाला रेडिओ असेल तर तो चालू करून रिमोट अगदी चिकटवून धरायचा आणि बटण दाबायचं, रेडिओतून टरटर आवाज आला तर रिमोटचं काळीज धडधडतंय. हे होतं कारण जुन्या रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा एक रेझोनेटर (ठराविक वेगाने थरथरणारा बारीक भाग) असतो, आणि रेडिओच्या आतलं कामसुद्धा नेमकं त्याच ४५५ वर चालतं. रिमोट सारखा सारखा पडला की पहिल्यांदा हा रेझोनेटरच जातो, आत तडा जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नव्या रिमोटमध्ये तो प्रकार नसतो, त्यामुळे तिथं रेडिओ गप्प बसला म्हणजे रिमोट मेला असं समजू नका, तिथं कॅमेराच खरा.

पाण्यात भिजून सापडलेला असेल तर सेल लगेच काढा, स्क्रू काढून दोन भाग वेगळे करा, रबरी बटणांची चादर आणि हिरवी पट्टी दोन दिवस सावलीत वाळवा, मोबाईल रिपेरिंगवाल्याकडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं त्यात कापूस बुडवून पट्टी पुसा. उन्हात नका ठेवू, प्लॅस्टिक वाकतं. आमचा सापडलाच नाही त्यामुळे हा भाग इथंच सोडतो.

आता मुख्य मुद्दा. मी पहिल्यांदा जे केलं तेच सगळे करतात. दुकानात गेलो, "फ्री डिशचा रिमोट द्या" म्हणालो. दुकानदाराने वर टांगलेल्या माळेतून एक काढला, काळा, लाल पॉवर बटण, मध्ये गोल ओके, अगदी आमच्यासारखाच. "लागतो का?" "दादा, हा सगळ्यांना लागतो, डोळे झाकून न्या." एकशे वीस रुपये. गावाला जाऊन दाबला. पॉवर चालू. आई खुश, मी खुश. मग मेनू दाबला तर आवाज बंद झाला. तीन दाबला तर चॅनेलची यादी उघडली. बाण दाबला तर काहीच नाही. चौदा किलोमीटर परत.

असं का होतं हे कळलं की निम्मं काम झालं, म्हणून जरा थांबून सांगतो. रिमोटमधला बल्ब नुसता पेटत नाही, तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो (तोच ४५५ चा रेझोनेटर, त्याला बाराने भागलं की साधारण ३८ येतात), आणि ह्या लुकलुकण्याच्या मधेमधे थांबून तो एक निरोप पाठवतो. स्वस्त बॉक्समध्ये सगळ्यात जास्त चालते ती एनईसी ह्या जपानी कंपनीची पद्धत. त्यात सुरुवातीला ९ मिलिसेकंदाची एक लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ३२ ठिपक्यांचा (बिटचा) निरोप. ह्या ३२ मध्ये पहिले सोळा म्हणजे पत्ता, कुठल्या बॉक्ससाठी आहे तो, आणि पुढचे सोळा म्हणजे हुकूम, काय करायचं ते. हुकुमाचा नंबर दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे मधे काही गडबड झाली तर बॉक्सला कळतं आणि तो गप्प बसतो. पत्त्याचंही मुळात तसंच होतं, पण पुढं काही कंपन्यांनी ते सोळाच्या सोळा पत्त्यालाच वापरायला सुरुवात केली.

तर पत्ताच वेगळा असेल तर बॉक्स ढिम्म हलत नाही. आणि पत्ता तोच पण हुकुमांचे नंबर वेगळे असले तर माझ्यासारखं होतं, मेनूच्या जागी म्यूट. रिमोटचा आकार, बटणांचा रंग, त्यावर काय छापलंय, ह्या कशाचाही ह्या नंबरांशी संबंध नसतो. एकच प्लॅस्टिकचा साचा, आत चिप वेगळी, कोड वेगळा. फ्री डिशच्या बाबतीत हा घोळ जास्तच आहे, कारण डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून हे सुरू झाल्यापासून बॉक्स कुठल्या एका कंपनीचा कधी नव्हताच, ज्याला जमेल त्याने बनवून बाजारात आणला, स्टिकर एकाचं, आतला बोर्ड दुसऱ्याचा, रिमोट तिसऱ्याचा. त्यामुळे चेहरा बघून रिमोट घ्यायचा नाही. कोड जुळतो का ते बॉक्सवरच बघायचं.

म्हणून बॉक्स पिशवीत घाला. खरंच. मागची केबल काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठली वायर कुठं होती तो. छत्रीची वायर फिरवून निघते, बॉक्स लाइटच्या बोर्डावरनं बंद केल्याशिवाय ती काढू नका कारण त्याच वायरीतून वर एलएनबीला (छत्रीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) करंट जातो, तार कुठं टेकली तर शॉर्ट होऊ शकतं. बॉक्सला बारीक अॅडॅप्टर असेल तर तो पण घ्या, मी विसरलो होतो आणि दुकानदाराने दुसरा लावायला काढला तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्यावर १२ व्होल्ट लिहिलंय आणि आमचा ५ चा आहे. वाचलो.

दुकानात टीव्हीची गरज नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बॉक्सच्या तोंडावर चॅनेलचा नंबर दाखवणारे लाल आकडे असतील तर तेवढ्यावर सगळं तपासता येतं. आकडे नसतील आणि नुसता लाल-हिरवा दिवा असेल तर पॉवर आणि दिव्याचं लुकलुकणं एवढंच कळतं, मग दुकानदाराला त्याच्या काउंटरवरच्या टीव्हीला लावायची विनंती करा, रिमोट विकायचाय तर लावतो तो.

तपासताना नुसतं पॉवर दाबून पैसे देऊ नका. मी ठरवलेला क्रम असा: पॉवर, मग चॅनेल वर, मग एक ते नऊ आणि शून्य एकेक करून, मग मेनू, चारही बाण, ओके, एक्झिट, आवाज, म्यूट. टीव्ही नसेल तर मेनू दाबल्यावर चॅनेल वर दाबून बघा, आकडा बदलला नाही म्हणजे बहुतेक मेनू उघडलाय. मेनू, बाण, ओके आणि एक्झिट ही सगळ्यात महत्त्वाची. चॅनेल तर बॉक्सच्या बटणावर पण बदलतं, पण नवीन चॅनेल शोधायला मेनूच लागतो, आणि फ्री डिशवर जागांचा लिलाव होऊन दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास चॅनेलं इकडची तिकडं होतात, तेव्हा रिमोटला मेनू नसेल तर अर्धी चॅनेलं गायब आणि आईचा फोन नक्की. स्कॅन करताना पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्सना ०००० चालतो.

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आजूबाजूचा भाग, तिथं इलेक्ट्रॉनिक्सची एवढी दुकानं आहेत की एक नाही तर दुसरा. पण खरं सांगू का, अशा कामाला तालुक्याच्या गावातला छत्री बसवणारा माणूस जास्त कामाचा. त्यानेच गावात बॉक्स विकलेले असतात, त्यामुळे कुठल्या बॉक्सला कुठला रिमोट हे त्याला तोंडपाठ. आमचा तिसरा रिमोट असाच लागला. त्याने बॉक्स हातात घेतला, उलटा केला, मागचं स्टिकर बघितलंच नाही, झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून आतली मोठी आयसी (चिप) बघितली आणि मागनं एक धुळकट रिमोट आणला, दिसायला आमच्या जुन्यासारखा अजिबात नाही, करडा, जाडजूड. सगळी बटणं लागली. त्याचं म्हणणं, आयसी सारखी असली की सॉफ्टवेअर पण बऱ्याचदा तिथूनच आलेलं असतं, मग रिमोट पण तोच चालतो. नेहमीच असं नसतं पण बाहेरचं स्टिकर बघण्यापेक्षा हा अंदाज फार बरा. झाकण उघडायचा मोह झाला तर मात्र एक ऐका: ज्या बॉक्सला थेट २३० व्होल्टची वायर जाते त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं आणि प्लग काढल्यावर सुद्धा ते काही वेळ राहतं. जाळीतून बघा, बोट घालू नका.

केबलचा जुना बॉक्स असेल तर गोष्ट सोपी आहे. मुंबईत २०१२ च्या अखेरीला आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे शहरांत २०१३ मध्ये सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा केबलवाल्यांनी ढिगाने बॉक्स वाटले, आणि नंतर लोकांनी परत केलेले पण ढिगानेच आले. त्याच्या ऑफिसात कोपऱ्यात रिमोटनी भरलेलं पोतं असतं. आधी त्याला विचारा, शंभर रुपये सांगेल, पन्नासला देईल. पैसे भरायच्या डीटीएचचा असेल तर त्या त्या कंपनीच्या नावाने रिमोट सगळीकडं मिळतो, फक्त काही नवे बॉक्स ब्लूटूथवर चालतात त्यांना हे इन्फ्रारेडचं पुराण लागू नाही.

आता दुकानात रिमोट जुळलाच नाही तर काय. गावात अजून कुणाकडं सेम बॉक्स आहे का बघा. आमच्या आळीत तीन घरांत एकाच वेळी एकाच माणसाकडनं छत्र्या बसवल्या होत्या, तसं तुमच्याकडं पण असेल. त्यांचा रिमोट दहा मिनिटं मागून आणा, आपल्या बॉक्सवर चालतो का बघा, आणि चालला तर लर्निंग रिमोट घ्या. हा दोनशेच्या आसपास मिळतो, आणि तो दुसऱ्या रिमोटची नक्कल शिकतो. मी दुसरा रिमोट घेतला तो हाच.

शिकवायची पद्धत कंपनीनुसार थोडी बदलते पण साधारण अशी: लर्निंग रिमोटवरचं सेट बटण दाबून धरायचं, दिवा पेटून राहिला की सोडायचं. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवायचे, तोंडाला तोंड, मधे दोन बोटं अंतर. शिकणाऱ्या रिमोटवर जे बटण भरायचंय ते दाबायचं, दिवा लुकलुकायला लागतो म्हणजे तो कान देऊन बसलाय. मग मागून आणलेल्या रिमोटवरचं तेच बटण एकदा, हलकेच, दाबायचं. दिवा दोन-तीनदा लुकलुकून परत स्थिर झाला की भरलं. मग पुढचं. ह्या वेळी ट्यूबलाइट आणि सीएफएल बंद ठेवा आणि खिडकीतलं ऊन टेबलावर येऊ देऊ नका, त्यात पण इन्फ्रारेड असतो आणि रिमोट भलतंच काहीतरी शिकतो. मी पहिल्यांदा अंगणात बसून शिकवत होतो, चार-पाच बटणं भरली, एक पण चाललं नाही.

मग माझा हा दुसरा रिमोट का लागला नाही? कारण बाजारात लर्निंग म्हणून जे स्वस्त रिमोट मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त चार-पाच बटणं शिकता येतात, टीव्हीचं पॉवर, आवाज, सोर्स एवढीच. ते मुळात एखाद्या डीटीएचचे तयार रिमोट असतात आणि वरची पाच बटणं टीव्हीसाठी मोकळी ठेवलेली असतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात लर्निंग लिहिलेलं असतं आणि मी तेवढंच वाचलं. घेताना विचारा, सगळी बटणं शिकतो का? नाही म्हणाला तर परत ठेवा.

अजून एक खोच. काही बॉक्स एनईसी सोडून फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीवर चालतात, ती ३६ किलोहर्ट्झवर असते. तिच्यात दर वेळी बटण सोडून परत दाबलं की निरोपातला एक ठिपका उलटतो, म्हणजे बॉक्सला कळतं की माणसाने बटण दाबून धरलेलं नाही, परत दाबलंय. साध्या लर्निंग रिमोटने एकच निरोप पाठ केलेला असतो त्यामुळे तो ठिपका उलटत नाही. मग काय होतं, तुम्ही ११ नंबर लावायला एक आणि परत एक दाबता आणि बॉक्स फक्त १ घेतो. असं झालं तर रिमोट खराब नाहीये. मधे दुसरं कुठलंतरी बटण दाबायचं, किंवा तेच बटण दोन वेगळ्या जागी भरताना मूळ रिमोटवर दोन वेगवेगळ्या वेळी दाबून भरायचं, म्हणजे दोन्ही तऱ्हा आत जातात.

मोबाईलवाला उपाय पण बघून घ्या, फुकट आहे. तुमच्या किंवा घरात कुणाच्या फोनच्या वरच्या कडेला काळा बारीक टिपका असेल (शाओमी, रेडमी, पोकोच्या बऱ्याच फोनना असतो, जुन्या सॅमसंग एस ४, एस ५, एस ६ ना होता) तर तो आयआर ब्लास्टर, म्हणजे इन्फ्रारेड सोडणारा बल्ब. रेडमीत 'मी रिमोट' (Mi Remote) नावाचं अॅप असतं, त्यात सेट टॉप बॉक्स निवडा, तुमच्या बॉक्सचं नाव बहुतेक नसेलच, मग एकेक नाव उघडून पॉवर दाबत बसा, कधीकधी भलत्याच नावाखाली आपला कोड निघतो. ज्या फोनला हा टिपका नाही त्यावर रिमोटचं अॅप टाकून काही होत नाही. अॅप उघडतं, सुंदर बटणं दिसतात, जाहिराती दिसतात, बॉक्सला काही कळत नाही कारण फोनमधून उजेडच निघत नाही. आमच्या मामांनी अशी चार अॅप टाकून फोन हँग केला होता. हेडफोनच्या भोकात लावायचे छोटे आयआर बल्ब मिळतात ते मात्र खरे चालतात. त्यात दोन बल्ब उलटसुलट जोडलेले असतात, फोन १९ किलोहर्ट्झचा आवाज काढतो, लाटेच्या वरच्या भागाला एक बल्ब पेटतो, खालच्या भागाला दुसरा, आणि दोन्ही मिळून ३८ होतात. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला नमस्कार. पण रोज वापरायला आईच्या हातात स्मार्टफोन देऊन "अॅप उघड" म्हणणं मला पटत नाही. मोबाईल मी फक्त कोड कुठला हे कळायला वापरतो.

आता भाच्याचा उद्योग. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय, त्याच्याकडं आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) होतं. तिसरा रिमोट मिळायच्या आधी त्याने ठरवलं की कोड शोधूनच काढायचा. ह्यासाठी लागतं काय तर आर्डुइनो, ९४० नॅनोमीटरचा एक आयआर एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर आणि आयआररिमोट नावाची लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच). एलईडी आणि रेझिस्टर एकामागं एक जोडून पिनला लावले की सतरा मिलिअँपच्या आसपास करंट जातो, दीड-दोन मीटरवरून बॉक्सला पुरतो. लांबून पाहिजे असेल तर मधे २एन२२२२ ट्रान्झिस्टर टाका.

त्याची युक्ती मला फार आवडली. बॉक्सच्या तोंडावरचं पॉवर बटण दाबून बॉक्स स्टँडबायला टाकला. आता ह्या अवस्थेत बॉक्स सहसा एकच हुकूम ऐकतो, पॉवर. म्हणजे आर्डुइनोने सगळे पत्ते आणि सगळे हुकूम एकामागून एक सोडत जायचे, ज्या नंबरला दिवा लाल सोडून हिरवा झाला तो आपला पॉवर, आणि त्यातनं पत्ता पण कळला. लॅपटॉपवर नंबर पळत होते, शेजारी बॉक्स, आणि दोन्ही दिसतील असा मोबाईल स्टँडला लावून व्हिडिओ चालू, म्हणजे समोर बसून रहायला नको. पत्ता साधा म्हणजे आठ ठिपक्यांचा असेल तर २५६ पत्ते गुणिले २५६ हुकूम म्हणजे ६५,५३६ निरोप, एकेकाला ११० मिलिसेकंद धरले तर दोन तासांत खेळ खल्लास. आमचं नशीब, चाळीसाव्या मिनिटाला दिवा हिरवा झाला. मग त्याच पत्त्यावर २५६ हुकूम, दर तीन सेकंदाला एक, टीव्हीकडं बघत बसायचं आणि वहीत लिहायचं, ह्याने मेनू आला, ह्याने म्यूट. तेरा मिनिटांचं काम, आईने पण चहा घेऊन बसून बघितलं. हा दुसरा भाग करताना एका गोष्टीची काळजी घ्या, स्क्रीनवर काही विचारणारी पाटी आली तर आधी थांबवा, नायतर पुढच्या हुकुमात ओके निघालं तर सगळी चॅनेलं पुसली जातील.

पण पत्ता सोळा ठिपक्यांचा निघाला तर हा नाद सोडा. मग निरोप होतात एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर, त्याच वेगाने एकवीस दिवस. गावाकडं एकवीस दिवस सलग लाइट राहील का ते तुम्हीच बघा.

शेजाऱ्यांचा रिमोट दहा मिनिटं मिळत असेल तर एवढं काहीच करू नका, बाजारातनं आयआर रिसीव्हर आणा, टीएसओपी १७३८ नायतर व्हीएस १८३८बी, दहा-वीस रुपयांत मिळतो, आर्डुइनोला लावा आणि एकेक बटणाचा कोड वाचून ठेवा. दोन्हीला तीन पाय असतात पण पायांचा क्रम वेगळा असतो, एकाच्या जागी दुसरा तसाच लावला की गरम होऊन जातो. भाच्याने एक घालवला.

आणि कुठलाच रिमोट लागत नसेल, शेजारचा सेम बॉक्सचा चालू रिमोट सुद्धा लागत नसेल, तर दोष बॉक्सचा आहे. आधी रुमाल काढा, पुढची काळी काच पुसा, खिडकी समोर असेल तर बॉक्स फिरवा. तरी नाही तर बॉक्सच्या आतला हाच तीन पायांचा रिसीव्हर गेलाय. मुंग्या आत घर करतात, पाल शिरते, पावसाळ्यात पाय गंजतात. रिपेरिंगवाला पंधरा मिनिटांत बदलून देतो.

किती खर्च करायचा ते पण आधी ठरवा. बॉक्स फार जुना, एमपेग-२ (चित्र पाठवायची जुनी पद्धत) चा असेल तर त्यावर एमपेग-४ ह्या नव्या पद्धतीने येणारी चॅनेलं दिसतच नाहीत, तेव्हा दोनशेच्या वर घालवायला मी सांगणार नाही, थोडे पैसे टाकून नवा बॉक्स घ्या, त्याच्याबरोबर रिमोट येतो. आमच्या आईला मात्र नवा बॉक्स नको होता. तिला ह्या बॉक्सवर सह्याद्री कितव्या नंबरला आणि भजनं कितव्याला हे पाठ आहे आणि नव्याची यादी वेगळी येईल ही भीती. तिचं बरोबर आहे.

रिमोट लागला की त्याच दिवशी अजून दोन कामं करा. त्या दुकानातनं तसलाच दुसरा घ्या, सेल न घालता कपाटात ठेवा, सेल घालून ठेवला तर गळून स्प्रिंगा खातो. आणि रिमोटचा पुढून, मागून आणि सेलचं झाकण काढून आतून असे तीन फोटो काढून घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, आतल्या पट्टीवर बारीक नंबर असतो तो फोटोत यायला पाहिजे. आमच्या करड्या रिमोटला आईने पिशवी चढवून वरून रबर बँड लावलंय आणि नाडीने खाटेच्या पायाला बांधलाय. नाडी थोडी लांब ठेवा, आमची आखूड झाली त्यामुळे पहिले दोन दिवस ती खाटेच्या कडेला वाकून चॅनेल बदलत होती.